वाळूतली वाट आणि एक चिमुकलं लोहचुंबक

मुलांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझ्या स्कूटरचं चाक पंक्चर झालं म्हणून मी ती ढकलत ढकलत नाक्यावरच्या गॅरेजात नेली. तिथं एक अजब मोटारसायकल उभी होती. उंच तर एवढी, की माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला वर चढायला स्टूलच लागावं. हँडलच्या वर, जिथं एरवी नुसता स्पीडोमीटर असतो, तिथं मचाणासारखा एक सांगाडा. त्या मचाणावर एक चपटी पेटी, पेटीला काच आणि काचेआड कागदाची गुंडाळी. अगदी जुन्या काळच्या जन्मपत्रिकेसारखी! आणि पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला एक तरुण हरभऱ्याएवढी कसलीशी वस्तू ब्रेकच्या डिस्कवर चिकटवत होता.

"काय रे, काय चाललंय?" मी विचारलं. त्यानं मान वर केली आणि ताडकन उभाच राहिला. "सर, तुम्ही?"

चौदा वर्षांपूर्वी हा माझ्या चौथीच्या वर्गात होता. पाढे म्हणायची वेळ आली की याला हमखास तहान लागायची. त्याचं नाव इथं सांगत नाही, कारण तो लाजेल.

"रॅलीची गाडी आहे, सर. पुण्याच्या एका दादाची. राजस्थानात वाळूतून पळवणार आहे. हे लोहचुंबक नीट बसलं नाही ना, तर दादा तिथं वाट चुकेल."

हरभऱ्याएवढ्या चुंबकावाचून माणूस वाट चुकेल? माझं पंक्चर निघालं, पैसे देऊन झाले, तरी मी तिथंच बसून राहिलो. पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी गेलो. घरी येऊन पुस्तकं काढली. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगतो. वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा हं, मध्ये मध्ये हिशेब आहेत.

आधी रॅली म्हणजे काय ते पाहू. टीव्हीवर तुम्ही मोटारसायकलींच्या शर्यती पाहिल्या असतील. गुळगुळीत डांबरी रस्ता, गोल गोल फेऱ्या, जो पहिला तो जिंकला. वाळवंटातली रॅली तशी नसते. तिथं रस्ताच नसतो! सकाळी एका ठिकाणाहून निघायचं, वाळूच्या टेकड्या, दगडधोंडे, कोरड्या नद्या ओलांडत शेकडो किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी तळावर पोचायचं. मार्ग आधी कुणाला सांगितलेला नसतो. एकेक स्पर्धक ठरावीक अंतरानं सुटतो, त्यामुळे पुढं-मागं बहुतेक वेळा कुणीच नसतं.

या प्रकारातली जगातली सगळ्यात प्रसिद्ध रॅली म्हणजे डकार. तिची जन्मकथाच वाट चुकण्याची आहे. १९७७ साली थिएरी साबिन नावाचा एक फ्रेंच तरुण आफ्रिकेतल्या आबिजानपासून फ्रान्समधल्या नीसपर्यंतच्या शर्यतीत मोटारसायकल चालवत होता. लिबियाच्या वाळवंटात तो हरवला. मरता मरता वाचला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नको रे बाबा ते वाळवंट! हा पठ्ठ्या घरी परतला तो नवी शर्यत काढायची असं ठरवूनच. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली शर्यत सुटली आणि आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, सेनेगलची राजधानी डकार इथं संपली. मोटारसायकलवाल्यांत सिरिल नेव्हू पहिला आला. पुढं २००८ साली दहशतवादाच्या भीतीनं शर्यत रद्द करावी लागली. २००९ ते २०१९ ती दक्षिण अमेरिकेत भरली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते. नाव मात्र डकारच!

आता खरी अडचण ऐका. मोटारीत दोघं असतात. एक गाडी चालवतो, दुसरा शेजारी बसून वाट सांगतो. मोटारसायकलवर एकटाच जीव. गाडी त्यानंच चालवायची, वाट त्यानंच वाचायची, अंतर त्यानंच मोजायचं. तेही उभं राहून! हो, वाळवंटात स्वार बराच वेळ सीटवर बसत नाही, पायटांवर उभा राहतो, म्हणजे खड्ड्यांचे धक्के गुडघे झेलतात. म्हणूनच ते मचाण उंच असतं आणि पेटी थोडी वर तोंड करून बसवलेली असते. उभ्या माणसाची नजर समोरच्या वाळूवरून पेटीवर पडावी आणि क्षणात परत वाळूवर जावी, एवढाच तिचा उद्देश. माझ्या विद्यार्थ्यानं पेटी बसवली तेव्हा त्या दादाला गाडीवर उभं केलं, डोळे मिटून उघडायला लावले, आणि "पहिलं काय दिसलं?" असं विचारलं. तीनदा पेटी खालीवर केली. मला ते फार आवडलं. शिंपी कसा कपडा अंगावर घालून बघतो, तसंच!

पेटीतल्या त्या कागदाच्या गुंडाळीला रोडबुक म्हणतात. आपण खेडेगावात वाट कशी सांगतो? "मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा, वडाचं झाड लागेल, तिथून पाणंदीनं सरळ." वाळवंटात देऊळ नाही, वड नाही, पाणंद नाही. मग सांगायचं कसं? अंतरानं आणि दिशेनं. रोडबुकात एकाखाली एक चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीचे तीन भाग. पहिल्यात किलोमीटर. दुसऱ्यात छोटंसं रेखाचित्र: वाट कुठून येते आणि कुठं जाते. या चित्रांना ट्यूलिप म्हणतात, कारण ती नेदरलँड्समधल्या ट्यूलिप रॅलीमुळे प्रसिद्ध झाली. तिसऱ्या भागात सूचना: नाला, काटेरी कुंपण, उंटांचा कळप, मोठा दगड. धोक्यासाठी उद्गारचिन्हं. एक म्हणजे सांभाळून, दोन म्हणजे धोका आणि तीन म्हणजे हळू जा, नाहीतर हाडं मोडतील! काही चौकटींत दिशेचा कोनही दिलेला असतो. उत्तर म्हणजे शून्य अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. कोन एकच अंश चुकला तर? दहा किलोमीटर गेल्यावर तुम्ही ठरल्या जागेपासून सुमारे १७५ मीटर बाजूला असता. वाळूच्या उंच टेकड्यांमध्ये एवढं अंतर वाट चुकायला पुष्कळ झालं.

कागद पुढं सरकवायला पेटीत दोन रूळ आणि एक छोटी मोटर असते. तिचं बटण हँडलच्या डाव्या मुठीजवळ, अंगठ्याखाली. डावीकडेच का? कारण उजवा हात ॲक्सिलरेटर पिळण्यात गुंतलेला असतो. पूर्वी डकारमध्ये आदल्या संध्याकाळी ही गुंडाळी हातात मिळायची आणि दिवसभर धुळीत राबलेली माणसं तंबूत बसून रात्री रंगीत पेनांनी ती रंगवत बसायची. धोक्याला एक रंग, वळणाला दुसरा. अगदी तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकात रेघा ओढता तशी! अलीकडे ती सकाळी निघताना देतात, म्हणजे सगळ्यांना सारखीच संधी. काही ठिकाणी कागदाऐवजी आता विजेवर चालणारे पडदेही आले आहेत.

समजा चौकटीत लिहिलं आहे: ४७.३० किलोमीटरवर उजवीकडे. आता आपण ४७.३० वर आलो हे कळणार कसं? इथं आपलं लोहचुंबक येतं.

मोटारसायकलला कंपनीचा मीटर असतोच की, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण तो मीटर साधारण अंदाजासाठी असतो. बहुतेक गाड्यांचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतो, आणि तसा तो मुद्दामच ठेवलेला असतो. शिवाय त्याचे आकडे आपल्याला पाहिजे तसे मागंपुढं करता येत नाहीत. रॅलीत लागतो ट्रिपमीटर. तो दहा-दहा मीटरनं पुढं सरकतो आणि अंगठ्यानं बटण दाबून त्याचा आकडा कमी-जास्त करता येतो.

त्याला अंतर कळतं ते असं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ते चुंबक चिकटवायचं. चाकाशेजारी, न फिरणाऱ्या भागावर, पेनाच्या टोपणाएवढा सेन्सर बसवायचा. चाकाचा एक फेरा झाला की चुंबक एकदा सेन्सरसमोरून जातं आणि सेन्सर वरच्या यंत्राला एक टिचकी मारतो. टिचकी म्हणजे विजेचा एक छोटासा इशारा. यंत्र टिचक्या मोजतं, त्यांना चाकाच्या घेरानं गुणतं, झालं अंतर! आणि एका सेकंदात किती टिचक्या आल्या यावरून वेग. बस्स, एवढंच. आत काही जादू नाही. गुणाकार आहे. हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, तेव्हा माझा विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, तेव्हा पाणी प्यायला जायला नको होतं."

सेन्सर दोन जातींचे. एकात काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. चुंबक जवळ आलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि वीज वाहते. चुंबक गेलं की सुटतात. हा रीड स्विच १९३६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी शोधला. दुसरी जात हॉल सेन्सरची. एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याला १८७९ साली दिसलं, की वीज वाहणाऱ्या धातूच्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणलं तर विजेचा प्रवाह किंचित एका बाजूला ढकलला जातो. गंमत अशी, की त्या वेळी इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. तो १८९७ साली सापडला! म्हणजे काय ढकललं जातंय हे माहीत नसताना ते ढकललं जातंय एवढं हॉलनं अचूक मोजलं होतं.

आता सांगा, हे चुंबक पुढच्याच चाकाला का? मागच्या चाकाला का नाही? थोडा विचार करा, मग पुढं वाचा.

इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे जाते. वाळूत ते जागच्या जागी घसरत फिरतं. फेरे दहा होतात आणि गाडी सहा फेऱ्यांएवढीच पुढं जाते. पुढचं चाक बिचारं नुसतं मागून ढकललं जातं, म्हणून ते बहुतेक वेळा जमिनीशी प्रामाणिक राहतं. बहुतेक वेळा म्हणालो हं! जोरात ब्रेक मारला की ते अडून घसरतं, गाडी उडाली की हवेत भलतंच फिरतं. म्हणून तर ते बटण लागतं. रोडबुकातली ओळखीची खूण आली, म्हणजे नाल्याचा काठ किंवा मोठा दगड आला, की स्वार मीटरचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून घेतो. दिवसभरात असं कितीतरी वेळा. जो जुळवायला विसरतो त्याची चूक साठत जाते, आपल्या न तपासलेल्या वहीसारखी.

बसवताना मला वाटलं होतं, चुंबक चिकटवलं, सेन्सर लावला, की काम पंधरा मिनिटांचं. पण पूर्ण संध्याकाळ गेली. चुंबक आणि सेन्सर यांच्यात एखादं नाणं जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवायची. जास्त झाली तर टिचकी चुकते, कमी झाली तर खडा अडकून सेन्सर तुटतो. चिकटवायच्या आधी डिस्कचा तो भाग तेल-धूळ पुसून लख्ख करायचा. मग केबल. ही खरी नाजूक गोष्ट. सेन्सर चाकाबरोबर खालीवर होतो, पण मीटर वर मचाणावर. अशा गाडीचे पुढचे शॉकअप जवळजवळ एक फूट दबतात! म्हणजे केबलला तेवढी ढील पाहिजे. पण ढील फार ठेवली तर ती लोंबकळून टायरला घासणार. त्यानं ती ब्रेकच्या नळीच्या सोबतीनं वर नेली, जागोजागी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधली, मग दोघांनी मिळून गाडी दाबली, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं आणि कुठं ताण येतो ते बोटानं चाचपून पाहिलं. वरच्या यंत्रांच्या तारा थेट बॅटरीपासून, मध्ये वेगळा फ्यूज घालून. म्हणजे दिव्याची तार जळली तरी वाट दाखवणारं यंत्र बंद पडू नये. आणि मचाणाच्या प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती, कारण इंजिनाच्या थरथरीनं भलीभली यंत्रं ढिली होतात.

शेवटी त्यानं चाक हातानं फिरवलं. पडद्यावरचा आकडा सरकला. आम्ही दोघंही उगीचच टाळ्या वाजवल्या.

पण अजून यंत्राला चाकाचा घेर सांगायचा होता. आणि इथं माझ्या विद्यार्थ्याची गफलत झाली. त्यानं टायरवर छापलेले आकडे वाचले: ९०/९०-२१. यातला पहिला ९० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा ९० म्हणजे उंची, पण टक्क्यांत! रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर. आणि २१ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असं गणित मी परीक्षेत घातलं असतं तर पालक भांडायला आले असते. असो. २१ इंच म्हणजे ५३३.४ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची मिळून १६२ मिलिमीटर जाडी मिळवा. व्यास झाला ६९५.४. त्याला ३.१४ नं गुणा. घेर सुमारे २१८४ मिलिमीटर. त्यानं तो आकडा यंत्रात भरला.

मी म्हटलं, "अरे, कागदावरचं बरोबर आहे. पण एकदा मोजून तर बघू." टायरवर खडूनं खूण केली, जमिनीवर खूण केली, दादाला सगळा सरंजाम चढवून गाडीवर बसवलं आणि सरळ रेषेत दहा फेरे होईपर्यंत गाडी ढकलली. टेपनं अंतर भरलं २१ मीटर ४८ सेंटिमीटर. म्हणजे एक फेरा २१४८ मिलिमीटर! ३६ मिलिमीटर गेले कुठं? माणसाच्या आणि गाडीच्या वजनानं टायर खाली चेपतो. कागदावरचा टायर चेपत नाही, खरा चेपतो.

३६ मिलिमीटर म्हणजे तीन बोटांपेक्षाही कमी. पण पुढचा हिशेब करा. १०० किलोमीटर जायला चाकाचे सुमारे ४६,५५५ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला ३६ मिलिमीटरची खोटी भर पडली, तर मीटर दाखवील १०१ किलोमीटर ६७६ मीटर. म्हणजे पुस्तकात १०० व्या किलोमीटरला वळण असेल तर मीटर ते दीड किलोमीटरहून जास्त आधीच आल्याचं सांगेल. तिथं वळण नसेल, पण वाळूत एखादी उंटांची वाट असेल. ती खरी समजून स्वार वळला, की संपलं! आणि टायर झिजला की घेर आणखी घटतो. त्रिज्या ५ मिलिमीटरनं घटली तर घेर ३१ मिलिमीटरनं घटतो. म्हणून जाणकार मंडळी हमरस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहतात. आपल्याकडच्या वेळ-वेग-अंतराच्या रॅलींमध्येही सुरुवातीला मीटर तपासायला मोजलेला तुकडा देतात.

आता तुमच्यातला एखादा हुशार हात वर करून विचारील, "सर, मोबाईलवर जीपीएस असताना एवढा खटाटोप कशाला?" रास्त प्रश्न. आकाशात फिरणाऱ्या चार किंवा अधिक उपग्रहांचे संदेश पकडून आपण पृथ्वीवर नेमके कुठं आहोत हे जीपीएस सांगतं. डकारमध्ये ते १९९२ साली प्रथम वापरलं गेलं. त्या वर्षी शर्यत पॅरिसहून थेट केप टाऊनला गेली होती. पण मुलांनो, वाट शोधणं हीच जर स्पर्धा असेल, तर नकाशावर निळा ठिपका पाहून जाण्यात कसली परीक्षा? म्हणून डकारमध्ये स्वतःचं जीपीएस वापरायला मनाई आहे. आयोजकच एक बंद पेटी देतात. ती नकाशा दाखवत नाही. दिशेचा कोन दाखवते, वेग दाखवते आणि मार्गावरचं लपवलेलं ठिकाण ठरावीक अंतरावर आलं तरच तिच्यावर बाण उमटतो. तोपर्यंत तुम्ही, तुमची गुंडाळी आणि तुमचे चाकाचे फेरे. ती ठिकाणं चुकली की शिक्षा म्हणून वेळ वाढवतात. २०२३ साली दोन आठवड्यांच्या शर्यतीनंतर केव्हिन बेनाविडेसनं टोबी प्राइसला फक्त ४३ सेकंदांनी हरवलं. एक चुकलेलं वळण याहून महाग पडतं!

त्या बंद पेटीचं दुसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शर्यतीच्या वाटेवर गावं लागतात. तिथं वेगाची मर्यादा असते आणि ती पाळली की नाही हे पेटी उपग्रहांवरून नोंदवून ठेवते. जास्त वेगानं गेलं की शिक्षा. वेग मोजायला इथं चाकाच्या फेऱ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, कारण चाक घसरतं. उपग्रह घसरत नाही. आणि एवढी कडक नोंद का? २००६ साली गिनी आणि सेनेगल या देशांत, लागोपाठच्या दोन दिवसांत, शर्यतीच्या ताफ्यातल्या वाहनांखाली सापडून दोन मुलगे गेले. एक १० वर्षांचा, दुसरा १२ वर्षांचा. तुमच्याच वयाचे. शर्यत काय ती त्यांनी मागितली नव्हती. त्यांच्या घरावरून ती चालली होती, एवढंच.

हरवलेल्यांसाठीही आता सोय आहे. १९८२ साली इंग्लंडच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क मोटारीतून या शर्यतीत उतरला आणि सहाराच्या वाळवंटात सहा दिवस बेपत्ता झाला. अल्जेरियाच्या विमानानं त्याला शोधून काढलं, तेव्हा तो मार्गापासून सुमारे ५० किलोमीटर दूर होता. त्यानं नंतर सांगितलं, की गाडी मोडून ते थांबले तेव्हा इतरांनी त्यांची जागा टिपून घेतली होती, पण पुढं जाऊन पूर्वेऐवजी पश्चिम सांगितली! आज प्रत्येक मोटारसायकलवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र असतं. स्वार कुठं आहे ते नियंत्रण कक्षाला सतत कळतं आणि धोक्याचं बटण दाबलं की मदत निघते. आणखी एक भोंगा असतो. मागून मोटार किंवा ट्रक जवळ आला, की तो केकाटतो, कारण धुळीच्या लोटात मागच्याला पुढचा स्वार दिसत नाही. वाटेत कुणी जखमी पडलेला दिसला तर थांबून मदत करणाऱ्याचा गेलेला वेळ नंतर परत मिळतो. हा नियम ज्यानं केला त्याला माझा नमस्कार.

आपल्या देशाचं नाव या शर्यतीत तसं अलीकडेच लागलं. २०१५ साली बंगळूरच्या सी. एस. संतोषनं डकार पूर्ण केली आणि तो ३६ वा आला. डकारमध्ये धावणारा तो पहिला भारतीय. २०१७ पासून हीरोचा संघ उतरू लागला. २०२२ मध्ये त्याच्या जोआकिम रॉड्रिग्जनं एक टप्पा जिंकला आणि २०२४ साली बोट्सवानाचा रॉस ब्रँच हीरोच्या गाडीवर एकूण शर्यतीत दुसरा आला. त्याच वर्षी केरळचा हरित नोआ आपल्या गटात पहिला आला. ही झाली मोठी नावं. त्यांच्या गाड्यांवरही चाकाजवळ कुणीतरी उकिडवं बसलेलं असतंच.

आमच्या त्या पुण्याच्या दादाचं काय झालं, ते राहिलंच की! दुसऱ्या दिवशी सकाळी एका काटेरी झुडपात गाडी शिरली आणि फांदीनं सेन्सरची केबल तोडली. मीटर ६३.४० वर थांबला तो थांबलाच. दादानं मग समोर वाळूत दिसणाऱ्या टायरच्या खुणा धरल्या. चारेक किलोमीटर गेल्यावर त्या खुणा गोल वळून परत आपल्याच दिशेनं आलेल्या दिसल्या. म्हणजे पुढचा गडीही हरवलेला होता! दादा उलटा फिरला, शेवटच्या पक्क्या खुणेपाशी आला, तिथून अंदाजानं आणि दिशेच्या कोनानं वाट काढत संध्याकाळी तळावर पोचला. चाळीस मिनिटं गेली, पण शर्यत सुटली नाही.

हे ऐकून माझा विद्यार्थी दोन दिवस गप्प होता. "सर, केबल शॉकअपच्या पुढून नेली, मागून न्यायला हवी होती," एवढंच म्हणाला. आता तो केबल मागच्या अंगानं नेतो, खालच्या हातभर भागावर पाण्याची प्लॅस्टिक नळी चिरून चढवतो आणि शेजारीच दुसरी सुटी केबल आधीच बांधून ठेवतो. पहिली तुटली तर नुसतं टोक बदलायचं.

शाळा सुरू झाल्यावर मी त्याला चौथीच्या वर्गात बोलावलं. येताना तो एक जुनं चुंबक आणि सेन्सर घेऊन आला. मुलांनी चाक फिरवून फिरवून आकडे सरकवले. मग सगळे मैदानात. एका मुलाच्या सायकलच्या टायरला खडूनं खूण केली. मुलाला सायकलवर बसवूनच घेर मोजला, तो भरला १ मीटर ७२ सेंटिमीटर. मग दोन गट पाडले आणि शाळेच्या फाटकापासून ग्रामपंचायतीच्या पायरीपर्यंत फेरे मोजत जायला सांगितलं. एका गटाचे फेरे भरले १८७, म्हणजे ३२१ मीटर ६४ सेंटिमीटर. दुसऱ्या गटाचे १८९, म्हणजे ३२५ मीटर ८ सेंटिमीटर. पहिला गट म्हणतो, तुम्ही वाटेतल्या डबक्याला वळसा घातलात. दुसरा म्हणतो, तुमचा मोजणारा बोरं खात होता. दोन फेरे कुठं गेले, ते अजून ठरलेलं नाही. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर पुन्हा मोजणार आहोत, आणि या वेळी मोजणाऱ्याचे खिसे आधी तपासणार आहोत.